चाकावरच्या घरातली ओल

मे महिन्याच्या शेवटी आमच्या गावात सगळे वर बघत फिरतात. कुणाची कौलं सरकली, कुणाच्या पत्र्याचा खिळा उडाला, कुणाच्या स्लॅबला चीर गेली. खानापूर-लोंढ्याकडच्या गुंजीच्या या पट्ट्यात पाऊस येऊन जात नाही, चार महिने राहायलाच येतो. त्याची सोय आधी करावी लागते. यंदाही तेच चाललं आहे. शेजारचा बाबू शिडीवर चढला आहे आणि त्याची बायको खाली उभी राहून त्याला अक्कल शिकवते आहे. मी मात्र खाली बघते. गुडघे ऐकत नाहीत, तरी वाकून भिंतीचं बूड बघते. चार वर्षांपूर्वीच्या एका पावसानं लावलेली ही सवय आहे.

त्या वर्षी आम्हाला घर नव्हतं. आदल्या पावसात मागची भिंत बसली, म्हणून सगळंच पाडून नवं बांधायला काढलं. मे संपत आला तरी बांधकाम जोत्यापर्यंतच आलं होतं. मेस्त्री बसाप्पा बैलहोंगलकडचा, त्याला पेरणीला गावी जायचं होतं. थापी धुऊन पिशवीत टाकत म्हणाला, "आज्जी, मळे निल्लली. पाऊस थांबू दे, मग भिंती." पाऊस थांबायला तो सुरू तरी व्हायला पाहिजे होता. पण कुणब्याला पेरणी सोड म्हणून सांगणारी मी कोण?

प्रश्न माझा नव्हता. मी गोठ्यातही झोपले असते. प्रश्न माझ्या मालकांचा होता. त्यांनी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत बत्तीस वर्षं वाळूचे साचे केले. गावी परत आले ते हाताला एक घड्याळ बांधून आणि छातीत धूळ भरून. आता नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ओल आणि बुरशी यांच्याजवळ येता कामा नये. एकदा छातीत इन्फेक्शन झालं तर यातनं परत आणू असं मी म्हणणार नाही." मला गोल बोलणारी माणसं आवडत नाहीत. हा डॉक्टर सरळ बोलला, म्हणून त्याचं म्हणणं मी नीट ऐकलं.

मुलाकडं जावं तर प्रकाशची बेळगावातली खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि मालकांना चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. लेक निपाणीत, पण तिच्या घराला लागून तंबाखूचं गोदाम. एकदा दोन दिवस राहून बघितलं, तर खोकून खोकून डोळे लाल झाले. लेक रडत म्हणाली, "आई, मी घर कुठं उचलून ठेवू गं?" मी म्हटलं, "ठेवू नको. आम्ही जातो."

उचलून ठेवता येणारं घर प्रकाशकडं होतं. तो फॅब्रिकेशनचं काम करतो. कुणीतरी फिरायला जाणाऱ्यांसाठी चाकावरच्या खोल्या करायच्या ठरवल्या होत्या, त्यातली नमुन्याची पहिली खोली त्यानं स्वतःच्या हातानं बांधली होती. खाली लोखंडी सांगाडा आणि टायर, आत प्लायवूड, बाहेर अॅल्युमिनियमचा पत्रा, दोन खिडक्या, एक बाक म्हणजेच पलंग, शेगडीचा ओटा, भांडी घासायचं सिंक आणि त्याच्याखाली पाण्याची टाकी. तो त्याला ट्रेलर म्हणायचा. ट्रॅक्टरला जोडून आमच्या परड्यात आणला, तेव्हा गावानं एका दिवसात त्याचं नाव डबा करून टाकलं. मालक खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "गाडीतनं सुटलेला डबा हाय ह्यो. इंजिन गेलं लोंढ्याला, आनि आमी ऱ्हायलो हितंच."

चाकांखाली दगड लावले, डबा सपाट केला. आता माझं काम सुरू झालं. आमच्याकडं प्रत्येक बाई मे महिन्यात एक काम करते. भिंतीच्या बुडाला जिथं जिथं भोक दिसेल तिथं ते बुजवायचं. जंगल दोन शेतांवर आहे. पावसात साप कोरडी जागा शोधतो, उंदीर त्याच्या आधी शोधतो. मातीच्या भिंतीला शेण-माती लिंपायची, उंदराच्या बिळात आधी फुटलेली काच घालायची, मग लिंपायचं. मी नऊ वर्षांची असल्यापासून हे करते. डब्याच्या बुडाला पत्र्याच्या पट्टीत बोट जाईल एवढी आठ भोकं दिसली. शेण पत्र्याला धरत नाही. मेस्त्र्यानं जोत्याला लावलेलं डांबर उरलं होतं, ते गरम केलं, काठीला चिंधी बांधली आणि आठही भोकं ठासून भरली. बसाप्पा गावी निघता निघता बघून गेला. "भारी काम केलास आज्जी," म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. पावसाचा आवाज मोठा यायचा, बोललेलं ऐकू यायचं नाही, पण आत कोरडं होतं. मालक खिडकीशी बसून रेल्वे मोजायचे. मग एका सकाळी दार उघडून आत आले आणि मला वास आला. भिजलेलं पोतं कोपऱ्यात विसरलं की येतो तसा. मी पलंगाच्या पायथ्याशी भिंतीला हात लावला. गार होती. अंगठा दाबला, आणि काढला तर अंगठ्याची खूण तशीच राहिली.

मालकांना सांगितलं नाही. श्वासाच्या माणसाला भीती घातली की त्याचा श्वास आणखी तुटतो.

आधी संशय टाकीवर गेला. सिंकखाली डोकं घालून बघितलं, पाइपच्या जोडाला एक थेंब लोंबत होता. क्लिप आवळली, पांढरी टेप गुंडाळली, खाली ताट ठेवलं. तरी मन मानेना, म्हणून टाकीच रिकामी केली आणि दोन दिवस पावसात भिजत विहिरीवरून घागरी आणल्या. ताट कोरडं राहिलं, भिंत ओली. म्हणजे पाइप नव्हता.

मग मी पेन्सिल घेतली. रोज सकाळी भिंतीवर ओल जिथवर चढली असेल तिथं एक रेघ मारायची. रेघा वर वर जात होत्या. त्यांच्या वर वीतभरावर बोर्ड होता, आणि त्या बोर्डात ऑक्सिजनच्या मशीनची पिन होती. दुसरा बोर्ड शेगडीपाशी, आणि ऑक्सिजन विस्तवाजवळ न्यायचा नाही एवढं मलाही कळतं. मी ताटात भात वाढत असले तरी माझी नजर त्या रेघांवर असायची. मालक एकदा म्हणाले, "भिंतीवर काय लिवायलीस? शाळा काढलीस काय?" मी म्हटलं, "डेअरीला घालायच्या दुधाचा हिशोब." त्यांनी मान हलवली. आमच्याकडं तेव्हा म्हैस नव्हती.

प्रकाशला फोन केला. रविवारी पहिल्या गाडीनं आला. भर पावसात डब्यावर चढला, मी खालून काठीला छत्री बांधून धरली. हवेसाठीच्या झडपेभोवती त्यानं नळीतला चिकट मसाला भरला, सगळे स्क्रू बघितले. संध्याकाळी गेला. मंगळवारी नवी रेघ. पुढच्या रविवारी आला, खिडक्यांचं रबर बदललं. बुधवारी नवी रेघ. शेजारच्या पार्वतीआक्कानं सुचवलं म्हणून वरून ताडपत्री घातली, तर वारा बंद झाला आणि वास दुप्पट झाला. ताडपत्री काढली. प्लायवर आता काळे ठिपके दिसायला लागले होते, मोहरी सांडावी तसे. मी ते फडक्यानं पुसायची, फडकं चुलीत जाळायची. दुसऱ्या दिवशी ठिपके परत जागेवर.

मालकांचा खोकला बदलला. एवढी वर्षं ऐकलेला खोकला कोरडा होता, चाळणीत खडे हलवल्यासारखा. आता त्यात पाणी आलं. ते आडवे पडेनासे झाले, भिंतीला दोन उशा लावून बसून डुलक्या घ्यायचे. आणि ती भिंत तीच होती.

कौलारू घरात एक गोष्ट शिकलेली असते. पाणी दिसतं तिथून ते आलेलं नसतं. वाशावरून सरकत येतं आणि भलतीकडंच टपकतं. म्हणून मी रांगोळीची पूड घेतली. खिडकीच्या चौकटीवर एक रेघ, भिंतीच्या मध्यावरच्या पट्टीवर एक, खाली जमिनीला लागून एक. आणि बसून राहिले. बाहेर पाऊस असा की समोरचं जोतं दिसत नव्हतं. वरची रांगोळी कोरडी. मधली कोरडी. खालची मात्र बघता बघता करडी झाली, मग चिखल. मला काही समजेना. पाणी वरून येत नाही, बाजूनं येत नाही, तर काय जमिनीतून येतंय? चाकावरच्या घराला जमीन कुठली?

तिसऱ्या रविवारी प्रकाश आला तेव्हा मी त्याला चहाही विचारला नाही. बाहेर छपरीत नेलं आणि बोलले. "लोकांची दारं-खिडक्या करतोस. बापाला एक कोरडी भिंत देता येईना तुला? बत्तीस वर्षं धूळ खाऊन शिकवलं ते ह्याच्यासाठी?" त्यानं ओल्या शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि परत शिडीवर चढला. वर काही करायचं उरलं नव्हतं, तरी तो तासभर वर होता. मी छत्री धरायला गेले नाही.

ती वाक्यं मी आजही तशीच्या तशी सांगू शकते. तोंडातून गेलेलं मी विसरत नाही, दुसऱ्याचं असो की माझं.

गुरुवारी सकाळी मी भाकरी थापत होते. भिंतीत 'चट्' असा आवाज झाला आणि मशीन बंद पडलं. त्या मशीनची घरघर चोवीस तास कानात असते, ती थांबली की आपलाच श्वास थांबल्यासारखा होतो. मालकांनी डोळे उघडले. मी पिठाच्या हातानं मेन बंद केला, कोपऱ्यात अडचणीला ठेवलेला सिलिंडर ओढला, नळी बदलली, चावी फिरवली. हे मला लेकीच्या नर्स नणंदेनं शिकवलं होतं आणि मी रोज एकदा करून बघायची, म्हणून हात आपोआप चालले. सिलिंडर दुपार टळेपर्यंत पुरणार होता.

प्रकाशला फोनवर एवढंच म्हटलं, "मशीन बंद पडलं. ये." मागं कटरचा आवाज चालू होता, तो थांबला.

तो मोटारसायकलवर आला. येता येता खानापुरातून भरलेला सिलिंडर मागं बांधून आणला होता. अंगावर कोरडा धागा नव्हता. आल्या आल्या मालकांना खुर्चीसकट उचलून बाबूच्या घराच्या सोप्यात नेलं, त्यांचा सिलिंडर बदलला, मग डब्यात शिरून पलंगाच्या पायथ्याशी प्लायचा तुकडा कापून काढला. आतून पाणी आलं. टपकलं नाही, ओतलं. भिंतीच्या पोटात गुडघाभर पाणी उभं होतं आणि त्याच्या वरचं लाकूड काळं, केसाळ झालं होतं. तीन आठवडे मालकांनी पाठ टेकली होती ती यालाच.

प्रकाश बाहेर गेला. चिखलात पाठीवर झोपून डब्याखाली सरकला. मी छत्री धरून उभी. फक्त त्याचे पाय दिसत होते. बराच वेळ ते हलले नाहीत. मग तो बाहेर आला, उठून उभा राहिला आणि बोटं पँटला पुसली. पँटवर काळे पट्टे उठले. चिखल आमच्याकडं तांबडा असतो.

"माझंच चुकलं आई," तो म्हणाला. "पाणी जायला भोकं ठेवली होती, ती बारकी पडली. कचऱ्यानं तुंबली."

मी त्याच्या पँटकडं बघितलं. आणि सगळं कळलं. एका क्षणात कळलं, त्याला अक्कल लागली नाही.

"बारकी पडली न्हाईत," मी म्हटलं. "मी बुजवली. डांबरानं. मेमध्ये."

"व्हय. दिसलं मला."

"मग खोटं कशाला बोलतोस?"

"आप्पा हितंच बसलेत. ऐकतायत."

सोप्यातून मालकांचा आवाज आला. नळीमुळं नाकात बोलायचे, मध्ये मध्ये थांबून. "आप्पाला ऐकू येतंय रं. फौंड्रीत छाती ठिवून आलो... कान न्हाय." दम घेतला. "तरीच म्हनलं. एवढं जंगाल शेजारी... आनि एकबी साप न्हाय आला आत!"

बाबूची बायको फिस्सकन हसली आणि पदर तोंडाला लावला. मला हसू आलं नाही. मी प्रकाशला विचारलं, "भोकं कशाला ठेवतात? घर बांधायचं आणि त्याला भोकं पाडायची, हे कुठलं शहाणपण?"

"आई, पत्र्याच्या आत थोडं पाणी शिरतंच गं. रबर किती बी घट्ट असू दे. वारा आत ढकलतोय. ते शिरलेलं खाली उतरून भोकातनं भाईर जातंय. भोक बंद केलं की जाणार कुठं?"

"हे मला मेमध्ये का न्हाय सांगितलंस?"

"तू बुजवशील असं वाटलंच न्हाय."

खरं होतं त्याचं. वर्कशॉपातल्या माणसाला हे सुचणार नाही, आणि आमच्या गावातल्या एकाही बाईला भोक तसंच ठेवणं सुचणार नाही.

त्यानं ड्रिल काढलं. मी म्हटलं, "राहू दे." पोती शिवायचा दाभण आणला, चिखलात बसले आणि एकेक भोक उकरून मोकळं केलं. आठही. प्रत्येकातून चहाच्या रंगाचं पाणी धारेनं आलं, माझ्या मांडीवर, हातावर. वरून पडणारा पाऊसही त्या पाण्यापेक्षा ऊबदार होता. शेवटच्या भोकातून धार बारीक होत होत थेंबावर आली, तोवर मी उठले नाही. प्रकाशनं हात दिला तेव्हा उठले. त्याला म्हटलं, "रविवारी बोलले ते मागं घेते." तो म्हणाला, "घे. पण चहा दे आधी."

प्रकाश चार दिवस राहिला. भिजलेला प्लाय सगळा काढून जाळला, सांगाडा पुसून काढला, बोर्ड हातभर वर घेतला. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिसऱ्या दिवशी मालकांना ताप भरला. बेळगावच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. पहिले तीन दिवस डॉक्टर माझ्याशी बोलताना माझ्याकडं बघायचे नाहीत. मी बाकावर बसून राहायची. शेजारच्या बाया देवाचं नाव घ्यायच्या. मला तेही जमेना, कारण देवाला काय सांगणार, भोकं मी बुजवली, आता तू मोकळी कर? चौथ्या दिवशी मालकांनी डोळे उघडून विचारलं, "कुठवर आली तुजी रेघ?" त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. दुधाचा हिशोब त्यांनी एक दिवसही खरा मानला नव्हता.

डब्यात परत आलो. भिंती उघड्या, लोखंडाच्या फासळ्या दिसत होत्या, पण कोरड्या. बाहेर जुलै कोसळत होता आणि आठ भोकांतून पाणी खाली ठिबकत होतं. सुरुवातीला तो आवाज ऐकून मला धस्स व्हायचं. मग उलट झालं. पाऊस चालू असताना ठिबकणं ऐकू आलं नाही की मी दाभण घेऊन बाहेर जायची. घाणीनं, पानानं, कोळ्याच्या जाळ्यानं भोक तुंबतं. मी ते अजूनही करते. डबा परड्यातच आहे, हायस्कूलच्या एक बाई त्यात राहतात, गावात दुसरी खोली मिळाली नाही त्यांना. त्या म्हणतात, "आज्जी, मी करते ना." मी म्हणते, "तुम्ही वह्या तपासा."

आणि साप? एक आला होता, गेल्या वर्षी. धामण होती. बाईंनी आरडाओरडा केला. मी काठीनं दाराबाहेर ढकलला. साप बाहेर काढता येतो.

प्रकाश आता असे डबे बरेच करतो. प्रत्येकाच्या बुडाला तांबड्या रंगात मराठीत आणि कानडीत लिहितो, 'ही भोकं बुजवू नयेत.' घेणारे हसतात म्हणे. विचारतात, ही कोण कशाला बुजवेल? तो काही सांगत नाही. मी त्याला सांगितलंय, सांग की. लाज कसली? चूक झाली ती झाली. तो मान हलवतो आणि विषय बदलतो.

दिवाळीनंतर बसाप्पा आला, संक्रांतीला घर उभं राहिलं. मालक त्यात चौदा महिने राहिले. कोरड्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी. मग एका सकाळी गेले. धडपड केली नाही, एवढं बरं झालं.

महिन्यानं मशीन परत द्यायला आम्ही बेळगावला गेलो. प्रकाश खाली गाडीपाशी थांबला, मी डॉक्टरांकडं वर गेले. कागदावर सही केली आणि विचारलं, "डॉक्टर, त्या पावसातली बुरशी आत गेली नसती, तर किती दिवस जास्त मिळाले असते?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आजी, असं सांगता येत नाही. छातीतली धूळ बत्तीस वर्षांची होती, ती थांबणार नव्हती. पण त्या इन्फेक्शननं काहीच नेलं नाही असंही मी म्हणणार नाही."

"बरं," मी म्हटलं. पदर सारखा केला आणि जिना उतरले.

प्रकाशनं हेल्मेट हातात धरलं होतं. "काय म्हणाले?"

मी शब्दाला शब्द सांगितलं.

"म्हणजे तुझ्यामुळं झालं, असं न्हाय म्हणाले ते," तो म्हणाला.

"माझ्यामुळं न्हाय झालं, असंबी न्हाय म्हणाले," मी म्हटलं. "चल, गाडी चालू कर."